शक्ती योजनेच्या शून्य तिकिटावर समुद्रकिनारी सुटी: इंदिरानगर ते माल्पे आणि सेंट मेरी बेट

कर्नाटक सरकारची शक्ती योजना ११ जून २०२३ रोजी सुरू झाली. राज्यात राहणाऱ्या महिला, मुली आणि तृतीयपंथी व्यक्तींना सरकारी परिवहन महामंडळांच्या साध्या बसमधून राज्यभर मोफत प्रवास करता येतो. जुलै २०२५ मध्ये या योजनेतल्या प्रवासांची संख्या ५०० कोटींवर गेली. त्यातले बहुतेक प्रवास रोजचे असतात: कामावर जाणे, दवाखाना, माहेर, देवदर्शन. इंदिरानगरमध्ये घरकाम, ब्युटी पार्लर, दुकान किंवा हॉटेलात काम करणाऱ्या मराठी वाचक भगिनींसाठी या पानावर एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. नुसती विश्रांती घ्यायला, समुद्र बघायला, एखाद्या बेटावर जायला हे तिकीट चालते का?

चालते. योजनेच्या नियमांत प्रवासाच्या कारणाची अट नाही. वाहकाला तुमचे ओळखपत्र बघायचे असते आणि कुठे उतरणार हे विचारायचे असते. कशासाठी जाता हे त्याला सांगायची गरज नाही.

बसवरच्या पाट्या वाचताना एक गंमत लक्षात ठेवा. कन्नडमध्ये मोफतला 'उचित' म्हणतात. मराठी वाचणाऱ्याला ते 'योग्य' वाटते. दोन्ही अर्थ इथे चालतात.

कोणते बेट?

बेट म्हटले की पहिले नाव अंदमानचे येते. तिथे विमानाने किंवा जहाजानेच जाता येते, त्यामुळे शक्ती योजनेचा उपयोग नाही. घरात कोणी केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर त्यांच्या कार्यालयात रजा प्रवास सवलतीची, म्हणजे एलटीसीची, चौकशी करा. गावी जाण्याच्या सवलतीऐवजी अंदमानला जाण्याची सोय त्या नियमांत ठेवलेली आहे. त्यातही फक्त प्रवासभाडे मिळते. हॉटेल आणि जेवणाचा खर्च आपला आपणच करायचा असतो.

गोवा आणि मालवण आपल्या माणसांना जवळचे वाटतात. मात्र तिकडे जाणारी बस आंतरराज्य असते आणि आंतरराज्य बसला शक्ती लागू नाही. पूर्ण तिकीट काढावे लागेल.

राज्याच्या हद्दीतच राहायचे असेल तर सोयीचे ठिकाण उडुपी जिल्ह्यातले माल्पे. उडुपी शहरापासून माल्पे सुमारे सहा किलोमीटरवर आहे. तिथे लांब वाळूचा किनारा आहे, मोठे मासेमारी बंदर आहे आणि समोर समुद्रात सेंट मेरी बेटे आहेत. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचण्याआधी इथे उतरला आणि त्याने बेटाला मेरीचे नाव दिले, अशी दंतकथा आहे. याच किनाऱ्यासमोरच्या दुसऱ्या एका बेटाचे नाव दर्याबहादूरगड. ते वाचून कोणाही मराठी माणसाला घरचे वाटेल. बोट मात्र नारळाच्या झाडांच्या बेटावर जाते, त्याला कोकोनट आयलंड म्हणतात.

या बेटावरचे काळे खडक लक्ष देऊन बघा. कोणी तासून उभे केल्यासारखे षटकोनी, पंचकोनी खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी वर आलेला लाव्हा थंड होताना आक्रसला, त्याला तडे गेले आणि हे खांब तयार झाले. त्या काळी मादागास्कर भारताच्या भूभागापासून वेगळे होत होते. देशाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले आहे. म्हणून तिथले दगड उचलून घरी आणायचे नसतात.

कारवारही राज्यातच आहे. तिथे मराठी आणि कोकणी कानावर पडते आणि जवळ कुरुमगड बेट आहे. बेळगाव किंवा हुबळीहून येणाऱ्यांना कारवार बरे पडते. बेंगळुरूहून मात्र ते उडुपीपेक्षा बरेच लांब आहे. दोनच दिवसांची सुटी असेल तर माझे मत माल्प्याला.

पात्रता: मराठी कुटुंबांत नेहमी होणारा गोंधळ

शक्तीसाठी कर्नाटकातला पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र लागते. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांपैकी एक पुरे. तुमची मातृभाषा कोणती, जन्म कुठला, हे कोणी विचारत नाही. बेळगावची बहीण, बिदरची मावशी आणि इंदिरानगरमधल्या तुम्ही, तिघीही पात्र आहात.

अडचण येते ती आधारवर अजून कोल्हापूर, सांगली किंवा सोलापूरचा पत्ता असलेल्यांना. बेंगळुरूत दहा वर्षे राहूनही पत्ता बदललेला नसेल तर शून्य तिकीट मिळणार नाही. पत्ता बदलण्यासाठी आधार सेवा केंद्रात किंवा बेंगळुरू वन केंद्रात जा. ऑनलाइनही बदलता येतो. भाडेकरार किंवा विजेचे बिल तुमच्या नावावर नसेल तरी मार्ग आहे. कुटुंबप्रमुखाच्या पत्त्याच्या आधारे, त्यांच्या संमतीने आणि नात्याचा पुरावा देऊन पत्ता बदलता येतो. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनांना हा मार्ग विशेष उपयोगी आहे. अर्ज सहलीच्या दोन दिवस आधी करू नका, एक महिना हातात ठेवा.

सहलीसाठी महाराष्ट्रातून आई किंवा सासूबाई येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. महाराष्ट्रात एसटीमध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. पण या दोन्ही सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्याच आहेत. कर्नाटकच्या बसमध्ये त्यांना पूर्ण तिकीट पडेल. तसेच तुमचे कर्नाटकचे ओळखपत्र एसटीत शून्य तिकीट मिळवून देणार नाही. दोन राज्यांच्या दोन योजना आहेत आणि सीमेवर दोन्ही थांबतात.

बरोबर पुरुष असतील तर त्यांना पूर्ण भाडे. बेंगळुरू ते उडुपी साध्या एक्सप्रेस बसचे भाडे एका वेळचे पाचशेच्या आसपास धरून चाला, नेमका आकडा तिकीट खिडकीवर कळेल. कर्नाटकात राहणाऱ्या ६० वर्षांवरील पुरुषांना २५ टक्के सूट आहे. मुलींना शून्य तिकीट. मुलगा सहा वर्षांच्या आतला असेल तर मोफत, सहा ते बारा वर्षांचा असेल तर अर्धे तिकीट.

कोणती बस पकडायची?

लाल रंगाची 'कर्नाटक सारिगे' बस. सारिगे म्हणजे वाहतूक. पाटीवर 'वेगदूत' लिहिलेले असेल तर ती एक्सप्रेस, तीही चालते. राजहंस, ऐरावत, अंबारी आणि सर्व स्लीपर व वातानुकूलित गाड्या योजनेबाहेर आहेत. बेंगळुरू शहरातल्या बीएमटीसीच्या साध्या बसला योजना लागू आहे, वज्र आणि विमानतळाच्या वायू वज्र बसला नाही. मेट्रो आणि रेल्वे यांचा या योजनेशी संबंध नाही.

आता या बसबद्दल खरे ते सांगायला हवे. बेंगळुरू ते उडुपी सुमारे ४०० किलोमीटर आहे. हासन, सकलेशपूर आणि शिराडी घाटातून रात्रभर प्रवास होतो, नऊ ते दहा तास लागतात. साध्या बसमध्ये आडवे होता येत नाही. पाठदुखी असेल, बाळ अंगावर असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर ही रात्र जड जाईल. अशा वेळी कारवारला जाणाऱ्या पंचगंगा एक्सप्रेसने स्लीपर डब्यातून उडुपीला उतरणे जास्त बरे. रेल्वेचे पैसे पडतात, पण सकाळी पाय सुजलेले नसतात. जाताना रेल्वे आणि येताना बस, असेही करता येते. फुकट मिळते म्हणून अंगावर काढू नका.

लांब पल्ल्याच्या साध्या बसमध्ये अर्ध्या जागा पुरुषांसाठी राखीव असतात. त्यामुळे शुक्रवारी रात्री आणि सणांच्या आधी महिलांच्या जागा लवकर भरतात. इंदिरानगरहून मॅजेस्टिकला जाण्यासाठी बीएमटीसीची साधी बस मोफत आहे. पण संध्याकाळी ओल्ड मद्रास रोडवर ती कधी पोचेल याचा भरवसा नसतो. जांभळ्या मार्गावरची मेट्रो इंदिरानगर स्थानकातून गाडी न बदलता साधारण वीस मिनिटांत मॅजेस्टिकला नेते. या एका ठिकाणी तिकिटाचे पैसे मोजावेत असे मी सुचवेन. केम्पेगौडा बस स्थानकात बस सुटण्याच्या तासभर आधी पोचा आणि चौकशी खिडकीवर उडुपीच्या साध्या बसचा फलाट विचारून घ्या.

बसमध्ये बसल्यावर शून्य तिकीट मागून घ्या आणि उतरेपर्यंत जपून ठेवा. 'पैसेच नाहीत तर तिकीट कशाला' असे म्हणून काही जणी ते घेत नाहीत. या तिकिटांच्या हिशेबावरच सरकार महामंडळाला पैसे देते, आणि तपासनीस चढला तर तोही तिकीटच बघतो. ओळखपत्र मूळ प्रतच बरोबर ठेवा. रात्री दोन वाजता मोबाइलची बॅटरी संपलेली असू शकते.

महिला मंडळाने किंवा बचत गटाने मिळून पूर्ण बस करारावर घेतली तर तिला शक्ती लागू होत नाही, पूर्ण भाडे भरावे लागते.

उडुपीत उतरल्यावर

इथे अनेकींची फसगत होते. उडुपी आणि मंगळूर भागात शहरातल्या बस मोठ्या प्रमाणावर खासगी मालकीच्या आहेत. बाहेरून त्या सरकारी बससारख्याच रस्त्यावर धावतात, त्याच थांब्यावर थांबतात. पण तिथे शक्ती चालत नाही. माल्प्याला जाणाऱ्या सरकारी शहर बसही आहेत, त्यांत शून्य तिकीट मिळते. सरकारी बस लगेच दिसली नाही तर खासगी बसचे तिकीट काढून मोकळ्या व्हा. अंतर थोडे आहे. वीस रुपये वाचवण्यासाठी उन्हात तासभर उभे राहणे म्हणजे सुटी नव्हे.

शनिवारी सकाळी उडुपीत उतरा आणि खोली घेऊन आधी झोपा. कृष्ण मठाजवळच्या रथबीदी परिसरात साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात आणि मठात दुपारी प्रसादाचे जेवण असते. माल्प्याच्या किनाऱ्यालगतही खोल्या आहेत, त्या सुटीच्या दिवशी महाग होतात. खोली घेताना प्रत्येकीचे ओळखपत्र मागितले जाते. सम वर्षांत १८ जानेवारीच्या सुमारास मठात पर्याय उत्सव असतो. त्या दिवसांत उडुपीत पाय ठेवायला जागा नसते, तारखा बघूनच ठरवा.

दुपारी ऊन उतरल्यावर माल्प्याच्या वाळूत जा. काही ठरवू नका. चार बायका चटई टाकून बसल्या, शेंगा खाल्ल्या, मुलांनी किल्ला केला, एवढे पुष्कळ आहे. सहल म्हटली की आपल्याकडे सात ठिकाणांची यादी होते आणि परतल्यावर दोन दिवस अंग दुखते. यादीच हवी असेल तर कापूचे १९०१ मधले दीपगृह जवळ आहे. पण ते पुढच्या खेपेलाही तिथेच असेल.

बेटावर रविवारी सकाळी जा. बोटी साधारण ऑक्टोबर ते मे या काळात चालतात, पावसाळ्यात बंद असतात. सकाळी नऊच्या सुमारास सुरुवात होते. पुरेसे प्रवासी जमले की बोट सुटते आणि अर्ध्या तासाच्या आत पोचते. भाडे माणशी काही शे रुपये असते, त्यात शक्तीची सवलत नाही. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि नुसते हातात न धरता अंगात घाला. चढता-उतरताना पाय ओले होऊ शकतात, साडी असेल तर थोडी वर खोचावी लागेल. बेटावर राहायची सोय नाही, जेवणाचीही फारशी नाही. पाणी आणि डबा बरोबर न्या, कचरा परत आणा. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे हे जातानाच विचारा.

समुद्राबाबत एवढे पाळाच

सेंट मेरी बेटाचा किनारा पोहण्यासाठी नाही. वाळू कमी, शंखशिंपले जास्त आणि खडक धारदार व शेवाळलेले आहेत. खडकाच्या टोकावर फोटो काढताना आणि लाटांत उतरून तिथे लोक बुडाले आहेत. दुरून शांत दिसणारे पाणी खडकाशी वेगळेच वागते. बेंगळुरूत वाढलेल्या मुलांना समुद्राची सवय नसते, हे मोठ्यांनी विसरू नये. बेटावर मुलांचा हात सोडू नका आणि दोरी किंवा फलक लावलेल्या जागेपलीकडे जाऊ नका.

पाण्यात खेळायचेच असेल तर माल्प्याच्या मोठ्या किनाऱ्यावर, जीवरक्षक नेमलेल्या भागात, गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात खेळा. लाल झेंडा असेल तर तेवढेही नाही. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक बोटींना मासेमारीलाही बंदी असते. रोज समुद्रात जाणारे त्या दिवसांत किनाऱ्यावर थांबतात, तेव्हा आपण पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नाही. शिराडी घाटात दरडी कोसळून रस्ता बंद होण्याचे प्रकारही याच महिन्यांत होतात. सहल ऑक्टोबर ते फेब्रुवारीत ठेवा. मार्चनंतर दुपारची वाळू पाय भाजते.

सुटी आणि पैसे

दुकान, पार्लर, हॉटेल, कार्यालय अशा ठिकाणी नोकरी असेल तर कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना अधिनियम, १९६१ तुम्हाला लागू होतो. आठवड्याची एक सुटी आणि प्रत्येक २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा हा त्यातला तुमचा हक्क आहे. वर्षभर एकही रजा घेतली नसेल तर सोमवारची एक रजा मागण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. अर्ज लेखी द्या आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.

घरकाम करणाऱ्यांना हा कायदा लागू होत नाही. तिथे सुटी बोलून ठरवावी लागते, आणि चार घरची कामे असतील तर चार ठिकाणी. पंधरा दिवस आधी सांगणे, शेजारच्या मैत्रिणीला बदली ठेवणे आणि तिच्या सहलीच्या वेळी तिची कामे आपण करणे, हे सर्वांत चालणारे. पगार कापणार का, हे जाण्याआधीच स्पष्ट विचारा. परत आल्यावर वाद नको.

खर्चाचा माझा अंदाज असा: दोघींनी खोली वाटून घेतली, जेवण साधे ठेवले, तर बोटीसकट माणशी दीड ते दोन हजार रुपये. गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख महिलेच्या खात्यात महिन्याला २,००० रुपये येतात, त्याच्या जवळपासच हा आकडा आहे. तो पैसा घरात किती ठिकाणी वाटला जातो हे तुम्हाला माहीत आहे. गॅस, मुलांची फी, औषधे यांतून एकदम काढण्यापेक्षा चार-पाच महिने थोडे थोडे बाजूला ठेवा. गृहलक्ष्मीचा पैसा कशावर खर्च करावा याचीही अट नाही. पैसा कधी कधी उशिरा जमा होतो, म्हणून पुढच्या हप्त्याच्या भरवशावर खोलीचे पैसे देऊ नका.

परतीच्या प्रवासासाठी

रविवारी संध्याकाळी उडुपी बस स्थानकात लवकर पोचा. सुटी संपवून परतणाऱ्यांची गर्दी असते, आणि महिलांच्या अर्ध्या जागांचा नियम परतीलाही आहे. पुन्हा ओळखपत्र दाखवून पुन्हा शून्य तिकीट घ्या, जातानाचे तिकीट चालत नाही. ओल्या कपड्यांची पिशवी वेगळी बांधा. डोक्यावरच्या रॅकमधून पाणी गळले तर खाली बसलेल्याशी रात्रभर भांडण.

वाहकाने पात्र असूनही तिकिटाचे पैसे घेतले किंवा बसमध्ये चढू दिले नाही, तर बसचा क्रमांक, मार्ग, तारीख आणि वेळ लिहून घ्या. पैसे घेतले असतील तर तिकीट जपून ठेवा आणि स्थानकातल्या नियंत्रकाकडे किंवा आगार व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या. कन्नड लिहिता येत नसेल तर इंग्रजीत दिली तरी चालते.

सोमवारी सकाळी बस मॅजेस्टिकला पोचते. तिथून इंदिरानगरच्या साध्या बीएमटीसी बसला शून्य तिकीट आहे. मेट्रोही पहाटेपासून सुरू असते. पहिले काम दहानंतरचे ठरवून ठेवले असेल तर मध्ये दोन तास झोप मिळते.